दोनशे बारा वेळा इकडेतिकडे

८ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. तीन आठवडे खुर्चीत बसून कंबर धरली आहे, प्रत्यक्ष वाकले तर तशीच राहीन. फोन केला असता, पण तुम्ही "बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं पुराव्याला राहतं" म्हणत तो मामीच्या हातात देता आणि मामी मला गुडघ्यांची हकिकत सांगते. म्हणून पत्र.

बातमी अशी की आमच्या परीक्षा विभागाने शेवटी थोडी लाज बाळगायचं ठरवलं आहे. गेल्या वर्षीचा तमाशा तुमच्या कानावर आला असेलच. पेपर अकराचा, आणि साडेनऊला कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीच्या दुकानासमोर रांग. त्या रांगेत आमचाच एक शिपाई उभा होता आणि "उत्तरांसकट आहे का?" असं विचारत होता. तर आता परीक्षा कॉम्प्युटरवर. पेपर छापायचाच नाही, म्हणजे फुटायचा प्रश्न नाही. प्रत्येकाला प्रश्नांचा क्रम वेगळा. स्क्रीनच्या डोक्यावर कॅमेरा. परीक्षार्थीची नजर स्क्रीनवरून हलली की नोंद होते, वीसच्या वर नोंदी झाल्या की लाल शेरा. आणि माझी स्वतःची भर: निकाल लागेपर्यंत आम्हाला कुणाचंही नाव दिसणार नाही, फक्त बैठक क्रमांक. नाव दिसलं की माणसाचं मन वाकडं होतं.

या सगळ्याची प्रमुख कोण? तुमची भाची. आमचे साहेब, म्हणजे परीक्षा नियंत्रक, म्हणाले, "जमलं तर तुमचं, फसलं तरी तुमचंच." फसलं तर माझी रवानगी पुन्हा दुबार गुणपत्रिकांच्या खिडकीत. तिथली सात वर्षं मी कशी काढली ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा मदत करा. एकतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही फेऱ्या मारल्यात. अख्खं विद्यापीठ तुम्हाला ससाणा म्हणायचं. पोरं कॉपी कशी कशी करतात ते सगळं मला लिहून पाठवा. एकही प्रकार लपवू नका.

तुमची,
ठमी


१९ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद. कंबरेसाठी एक वेगळा.

तुझा कॉम्प्युटर चोर पकडणार हे वाचून मी आणि तुझी मामी बराच वेळ हसलो. ती का हसली ते मला माहीत नाही, पण सोबत केली.

कॉपीचे प्रकार लिहायचे तर कागद पुरणार नाही. पेनच्या नळीत गुंडाळलेली चिठ्ठी हे बालवाडीचं काम. एकाचा हात प्रत्येक परीक्षेला मोडायचा. तिसऱ्या वर्षी मी म्हटलं, "बाबा, तुझी हाडं फार अभ्यासू दिसतात," आणि प्लॅस्टर उतरवलं, तर आतून अख्खं भूमितीचं पुस्तक उतरलं. मुलांच्या संडासात पाण्याच्या टाकीमागे जेवढी पुस्तकं होती तेवढी ग्रंथालयात नव्हती. एका वर्गात खोकल्याची भाषा होती: एक खोकला म्हणजे अ, दोन म्हणजे ब. चार खोकले आले की मागची रांग माना डोलवायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन खोकणाऱ्याशेजारीच उभा राहिलो. वर्गच्या वर्ग नापास.

पण मी चिठ्ठी कधीच शोधली नाही. मी मान शोधायचो. ज्याला उत्तर आठवायचंय तो छताकडे बघतो. ज्याला काहीच येत नाही तो खिडकीबाहेर बघतो. आणि ज्याच्याजवळ चिठ्ठी आहे तो माझ्याकडे बघतो. हे तुझ्या कॅमेऱ्याला कोण शिकवणार? आणि तो म्हणे स्क्रीनच्या डोक्यावर बसतो. स्वतःची हनुवटी दिसते का त्याला?

नियम मात्र कडक ठेव. परीक्षार्थीने हॉलमध्ये तोंडातून शब्द काढला की पेपर रद्द, हा नियम मीच लिहून घेतला होता. एक मुलगी पेपर बघून नुसतं "अगं बाई!" म्हणाली होती. रद्द केला. रडली, पाया पडायला आली. नियम म्हणजे नियम.

आता सहज विचारतो, म्हणजे माहिती असावी म्हणून. पहिली परीक्षा कुणाची घेणार? एकदा दाबलेलं उत्तर बदलता येतं का? आणि एखाद्याचा हात थरथरत असेल तर तो माउस कसा धरायचा?

तुझा मामा

ता. क. ठमे, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. हे रोज पाच वाजता फिरायला जातो म्हणून बाहेर पडतात. दीड तासाने येतात तेव्हा ना घाम, ना बुटांना धूळ. एवढी वर्षं चालायचा कंटाळा केलेला माणूस. तुला काही बोलले का?


२ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. प्लॅस्टरवाल्यावर सगळे खूश. हनुवटीचा विनोद मात्र कुणाला कळला नाही, मलाही नाही.

पहिली परीक्षा "अपूर्ण पदवी" योजनेची. ज्यांचा एखादा पेपर वर्षानुवर्षं लटकलाय अशा जुन्या लोकांना दोन संधी द्यायच्या, मार्चमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, आणि मग दार कायमचं बंद. साहेब म्हणाले, नवीन यंत्र यांच्यावर चालवून बघू, हे लोक मोर्चा काढणार नाहीत, बसायला जागा शोधतील. केंद्रं वेगवेगळ्या गावांत आहेत, एक तुमच्या गावातही. आणि यात कॉपी सिद्ध झाली तर दुसरी संधी नाही. नाव फलकावर आणि पदवीचा विषय आयुष्यभरासाठी संपला.

उत्तर बदलता येतं. मागे जाता येतं. माउस तळव्यात धरायचा, मुठीत नाही. तुम्हाला या वयात कॉम्प्युटरची गोडी लागली याचं कौतुक वाटतं.

मामीला वेगळा कागद जोडला आहे, तो तिलाच द्या. (वेगळ्या कागदावर: मामी, ते चालत नसतील तर डॉक्टरकडे जात असतील. मामा दुखणं लपवणारा माणूस. खिशात औषधाची चिठ्ठी सापडते का बघ.)

ठमी


११ मार्च

ती. मामा,

जिंकलो! परीक्षा झाली, वीज गेली नाही, पेपर फुटला नाही, आणि पहिल्याच दिवशी यंत्राने असा मासा पकडलाय की साहेबांनी मला चहा पाजला. स्वतःच्या कपातून अर्धा ओतून दिला, म्हणजे विचार करा.

बैठक क्रमांक सत्तेचाळीस. तुमच्याच गावातलं केंद्र. या महाभागाने तीन तासांत दोनशे बारा वेळा नजर स्क्रीनवरून हलवली. मर्यादा वीस, मामा! याला पाठ्यपुस्तक कुणी भिंतीवर लिहून ठेवलं होतं की काय कोण जाणे. आणि एवढ्यावर भागलं नाही, शेवटी शेवटी तो चक्क मोठ्याने बोललाय. अहवालात "बोलणे: एक वेळा, मोठा आवाज" अशी नोंद आहे. चोर तो चोर, वर शिरजोर. रेकॉर्डिंग सीलबंद आहे, सुनावणीतच उघडायचं असा माझाच नियम, नाहीतर आत्ता बघितलं असतं.

त्याच हॉलमधला पंचेचाळीस बघा. तीन तासांत एकदासुद्धा नजर हलली नाही. शून्य! निकाल लागला की साहेब त्याचा फोटो आमच्या माहितीपुस्तिकेत छापणार आहेत, "आदर्श परीक्षार्थी" म्हणून.

सत्तेचाळीसची सुनावणी पंचवीस मार्चला. असा धडा शिकवायचा आहे की पुन्हा कुणाची मान वळायला नको. आता खरी गंमत. समितीला कॉपीचा एक बाहेरचा जाणकार हवा आहे. मी तुमचं नाव दिलं आणि ते एकमताने मंजूर झालं. तुम्ही फक्त रेकॉर्डिंग बघायचं आणि त्या भामट्याने नेमकं काय केलं ते सांगायचं. अधिकृत पत्र सोबत आहे. नाही म्हणू नका, माझी लाज राखा.

तुमची (आता थोडी मोठी साहेब),
ठमी


१६ मार्च

ठमे,

काल पोस्टमनने एकाच वेळी दोन पाकिटं दिली. दोन्ही तुझ्या कचेरीतून, दोन्हींवर तुझी सही, दुसऱ्यावर नाव-पत्ता मात्र यंत्राने परस्पर छापलेला. एकात लिहिलंय, पंचवीस मार्चला सकाळी अकरा वाजता कॉपीचे जाणकार म्हणून उपस्थित राहावे. दुसऱ्यात लिहिलंय, पंचवीस मार्चला सकाळी अकरा वाजता बैठक क्रमांक सत्तेचाळीस यांनी आरोपी म्हणून उपस्थित राहावे.

दोन्हीकडे येतो. प्रवास एकदाच करावा लागेल.

आता बसून वाच, कंबरेला उशी लाव. तुझा मामा बी.ए. नाही. तर्कशास्त्रात दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा बसणार तेवढ्यात वडील गेले आणि विद्यापीठात परीक्षेची घंटा वाजवायची नोकरी मिळाली. घंटेवरून कारकून झालो, कारकुनावरून पर्यवेक्षक. लोक सर म्हणू लागले. सर म्हटल्यावर तुमची पदवी कोणती असं कुणी विचारत नाही. त्याआधी, घंटेवर असतानाच, लग्न झालं; पत्रिका मुलीकडच्यांनी छापली, तिच्यात माझ्या नावापुढे "बी.ए." आलं. प्रेसवाल्याची चूक. मी बोलायला हवं होतं. दोनशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागतील असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की ती दोन अक्षरं मला छान दिसली. पुढे चाळीस वर्षं सासरची माणसं "आमचे बी.ए. जावई" म्हणत राहिली आणि मी दुसऱ्यांच्या खोट्या पदव्या रोखत राहिलो. मामीला हे कधी सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायचो, रोज भाजी कोणती यावर गाडी जायची.

म्हणून ही योजना निघाली तेव्हा गुपचूप अर्ज भरला. पाचचं फिरणं म्हणजे कॉम्प्युटरचा क्लास. शिकवणारा कोण असेल? तोच प्लॅस्टरवाला! दार उघडताच ओळखलं त्याने. माउस माझ्या हातात ठेवताना तो जो हसला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण शिकवलं जीव लावून.

आता ते दोनशे बारा. ठमे, मी कुणाचं एक अक्षर बघितलं नाही. झालं असं की हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि एकतीस वर्षं अंगात आली. पर्यवेक्षक बाई कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये बुडाल्या होत्या. हॉलकडे कुणाचंच लक्ष नाही. मला पहिल्या प्रश्नात डोकं घालवेना. एक प्रश्न सोडवायचा, एकदा सगळ्यांवर नजर फिरवायची, पुढचा प्रश्न. मान माझी, पण हुकूम तिच्यावर माझा चालेना.

आणि बोलणं. समोरच्या भिंतीवर घड्याळ. दहा मिनिटं उरली आणि माझ्या तोंडातून खणखणीत गेलं, "शेवटची दहा मिनिटं! पुरवण्या बांधून घ्या!" कॉम्प्युटरच्या परीक्षेत! कसल्या पुरवण्या आणि काय बांधणार? पण सगळे माझ्याच पिढीचे. दोघं तर खरोखर दोरा शोधायला लागले.

तुझ्या पंचेचाळीसबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे. ती माझ्या निकालावर सह्या झाल्यावर सांगेन. आधी सांगितली तर सौदा केल्यासारखं होईल.

माझ्यामुळे तुझ्या कामाला डाग लागला तर मला सहन होणार नाही. आणि ही पदवी मला हवी आहे गं. चौसष्टाव्या वर्षी कशाला, असं विचारू नकोस. हवी आहे.

मामा


१९ मार्च

मामा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा इतका राग आला की टेबलावरचा पेला खाली पडला. पडला म्हणजे पाडला.

मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला पत्रातून माउस कसा धरायचा ते शिकवत होते आणि तुम्ही गंमत बघत होतात. मी अख्ख्या कचेरीत नाचले. सत्तेचाळीसला धडा शिकवू म्हणून साहेबांपुढे टाळी दिली. आता तो सत्तेचाळीस माझा सख्खा मामा निघाला, तर लोक म्हणतील, घरचं म्हणून सोडला. आणि धरला तर मामी मला दारात उभी करणार नाही.

आज सकाळी साहेबांना लेखी दिलं की सत्तेचाळीस माझा नातेवाईक आहे, मी सुनावणीत बसणार नाही. ते म्हणाले, "नावं लपवायची कल्पना तुमचीच ना?" मी हो म्हटलं. दुबार गुणपत्रिकांची खिडकी रिकामी आहे असंही त्यांनी सहज सांगितलं. तुमचं जाणकार म्हणून दिलेलं पत्र रद्द झालंय, आरोपीचं तेवढं चालू आहे.

एकच विचारते आणि खरं सांगा. खरंच नाही ना केलीत कॉपी?

ठमी


२७ मार्च

ठमे,

तुझा शेवटचा प्रश्न मला लागला. दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग आठवलं, मी एकतीस वर्षं हाच प्रश्न प्रत्येकाला विचारला आणि कुणाला काय वाटत असेल याचा कधी विचार केला नाही. तेव्हा फिटंफाट.

तू दाराबाहेर बाकावर बसली होतीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. बरं केलंस. आत काय झालं ते आता ऐक.

समितीत तिघं: तुझे साहेब, एक वकील, आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापक बाई. तर्कशास्त्र तर माझ्या मागे हात धुऊनच लागलंय. पडद्यावर माझं थोबाड एवढं मोठं लावलं की नाकातले केस मोजता यावेत. वकील म्हणाले, "दोनशे बारा वेळा. काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "मी सांगत नाही, तुम्हीच मोजा. कॉपी करणाऱ्याची नजर एका जागी जाऊन थांबते, वाचायला वेळ लागतो. माझी कुठे थांबली का बघा."

बाई वही घेऊन बसल्या. अर्धा तास टिकटिक करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दर पाच मिनिटांनी एक फेरी. डावीकडून उजवीकडे, प्रत्येक वेळी सहा नजरा, तोच क्रम. पस्तीस फेऱ्या म्हणजे दोनशे दहा. ही चोरी नाही, हा पहारा आहे. उरलेल्या दोन कुठल्या?"

"घड्याळाकडे बघितलं," मी म्हटलं.

मग आवाज लावला. "शेवटची दहा मिनिटं! पुरवण्या बांधून घ्या!" आणि ठमे, तुझे साहेब खुर्चीत ताठ झाले, त्यांचा हात आपोआप टेबलाखाली दोरा चाचपायला गेला. "ससाणा सर? तुम्हीच का ते? आम्हाला खरं नाव कुठे ठाऊक होतं!" म्हणाले. ते माझ्याच हॉलमध्ये तीन वर्षं बसायचे. खोकणाऱ्या वर्गातले. त्यानंतर सुनावणीभर त्यांनी एकदाही खोकला काढला नाही.

तिघंही हसत होते. वकील म्हणाले, "निर्दोष. पेपर ग्राह्य धरू." बाईंनी पेन उघडलं.

त्या क्षणी गप्प बसलो असतो तर आज कदाचित बी.ए. असतो. पण मला ती "अगं बाई" दिसली. तिनेही कॉपी केली नव्हती. नुसता श्वास सोडावा तसा शब्द सोडला होता. तिचं वर्ष गेलं, आणि मी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवलो होतो. मी म्हटलं, "नियम क्रमांक नऊ बघा. बोलला की पेपर रद्द. तो मी लिहिलाय." वकील म्हणाले, "अहो, तो बदलू की आपण." मी म्हटलं, "बदला. पण माझ्यानंतर. आधी माझ्यावर चालवा."

बाई म्हणाल्या, "तर्कशास्त्रात कसे नापास झालात हो तुम्ही?" आणि लिहिलं: कॉपीचा आरोप नाही, बोलल्याबद्दल पेपर रद्द, ऑक्टोबरची संधी कायम.

सह्या झाल्या. मग मी पंचेचाळीसचं सांगितलं. तो माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याच्या स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली कागदाची पट्टी होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. नजर हलवायची गरजच काय? कॅमेरा डोक्यावर, चिठ्ठी हनुवटीला. दिव्याखाली अंधार. आणि ठमे, तुझ्या कॅमेऱ्याकडे तीन तास न हलता कोण बघेल? मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, चिठ्ठी ज्याच्याजवळ आहे तो पहारेकऱ्यावरची नजर काढत नाही.

त्याच वेळी हॉलमध्ये का नाही ओरडलो म्हणशील. मी परीक्षार्थी होतो, तोंड उघडायची मला बंदी होती. दहा मिनिटं उरेपर्यंत तरी पाळली.

मामा


४ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. या वेळी खरोखर वाकून, कंबर गेली खड्ड्यात.

तुम्हाला तो प्रश्न विचारायला नको होता. माफ करा.

परवा मी स्वतः तुमच्या गावच्या केंद्रावर गेले. पंचेचाळीसच्या स्क्रीनची खालची कड अजून चिकट होती, आणि कोपऱ्यात पट्टीचा एक तुकडा राहिला होता, त्यावर तर्कशास्त्राची दोन सूत्रं. त्याला बोलावलं तर दोन मिनिटांत कबूल झाला. माहितीपुस्तिका छापायला गेली होती, साहेब धावत जाऊन परत घेऊन आले. मी त्यांना पहिल्यांदाच धावताना बघितलं.

खिडकी टळली. साहेब म्हणाले, तुमच्या यंत्राने साधूला धरलं आणि चोराला हार घातला, पण मामाला आपल्याच हाताने नोटीस पाठवणारी बाई या कचेरीत दुसरी मिळणार नाही. प्रत्येक हॉलमध्ये आता एक फिरणारा माणूस राहणार. कॅमेऱ्याने चेहरे बघायचे, माणसाने कॅमेऱ्याच्या हनुवट्या बघायच्या. मोबाइल बाहेर. आणि नियम नऊ बदलला: पहिल्या शब्दाला ताकीद, दुसऱ्याला रद्द. बाईंनी त्याला कचेरीत "अगं बाई नियम" असं नाव पाडलंय.

एक सांगायचं राहिलं. तुमचे मार्चचे गुण यंत्राने त्याच क्षणी मोजून ठेवले होते, रद्द होण्याआधी. ते मी पाहिले. सांगणार नाही, विचारू नका. फक्त ऑक्टोबरला नक्की बसा.

आणि मामीला सांगा हो आता.

तुमची,
ठमी


२ नोव्हेंबर

ठमे,

मी मामी. या वेळी ता. क. नाही, अख्खं पत्र माझं. हे पेढेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना निकाल दाखवत गावभर हिंडतायत. आज खरोखर फिरायला गेलेत, बुटांना धूळ घेऊन येतील.

पास झाले, हे तुला माझ्याआधी कळलंच असेल. त्रेपन्न. ऑक्टोबरात स्वतः मागून कोपऱ्यातली जागा घेतली, भिंतीकडे तोंड करून, आणि तोंडात गोळी धरून बसले म्हणे, शब्द सुटू नये म्हणून. घरी आले तेव्हा गाल सुजलेला. पाच गोळ्या खाल्ल्या होत्या.

काल निकाल आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. आपल्या लग्नाची पत्रिका काढून टेबलावर ठेवली, घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. मी तुला चाळीस वर्षं फसवलं, प्रेसवाल्याची चूक होती, मी गप्प बसलो, वगैरे वगैरे. मी दोन्ही हातांत तोंड लपवलं. त्यांना वाटलं मी रडतेय. म्हणाले, "रडू नकोस, आता ते खरं झालंय." मग खरंच रडू आलं.

आता तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट दुखेल. प्रेसवाल्याची काही चूक नव्हती. माझ्या वडिलांनी लग्नाआधीच विद्यापीठात चौकशी केली होती. मुलगा तर्कशास्त्रात दोनदा आपटलाय, घंटा वाजवतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा बी.ए., आणि ती उठताबसता ते ऐकवायची. पत्रिकेचा मजकूर प्रेसवर द्यायला मीच गेले होते. ह्यांच्या नावापुढे ती दोन अक्षरं मी माझ्या हाताने लिहिली. म्हटलं, आज ना उद्या होईलच हा माणूस. उद्या जरा लांबला एवढंच.

मग विचारायची सोय राहिली नाही. विचारलं असतं तर मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं, आणि त्यांची मान खाली गेली असती. म्हणून ते गप्प, मी गप्प. फेब्रुवारीत तू सांगितलंस म्हणून औषधाची चिठ्ठी शोधायला गेले, तर कोटाच्या आतल्या खिशात तर्कशास्त्राचं पुस्तक. होतं तसंच ठेवून दिलं. पाच वाजले की मीच म्हणायचे, "अहो, फिरायला उशीर होतोय."

अख्खं विद्यापीठ ह्यांना ससाणा म्हणायचं. एकतीस वर्षं लोकांच्या बाह्या, बूट आणि प्लॅस्टर तपासली. आणि घरात, कपाटाच्या दुसऱ्या खणात, त्यांच्याच लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या हातची दोन अक्षरांची चिठ्ठी होती, ती काही सापडली नाही.

तू सांगू नकोस. शोधायची तर त्यांची त्यांना शोधू दे.

तुझी,
मामी